सगळ्यांचे झाल्यावर

लातूरच्या एका छातीच्या डॉक्टरांनी मोठ्या आईला विचारलेला एक साधा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनातून जात नाही. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. औसा तालुक्यातल्या आमच्या घरात ती लग्न होऊन आली, तेव्हापासूनची बहुतेक प्रत्येक भाकरी तिच्या हातून किंवा तिच्या नजरेखाली थापली गेली आहे. तिचा दमा जुना आहे, आणि तो कशामुळे जडला याबद्दल घरात एकमत नाही. कोणी तुरीच्या भुसाला दोष देते, कोणी चुलीच्या धुराला, कोणी बांधावरच्या गाजरगवताला. डॉक्टरांनी नळीत फुंकण्याची चाचणी केली, पंप कसा ओढता ते करून दाखवायला लावले, औषध आत गेल्यावर श्वास रोखून धरण्याची तिची पद्धत दुरुस्त केली आणि कागदावरची नजर न काढताच विचारले, “रात्री जेवता किती वाजता?” मोठी आई म्हणाली, “सगळ्यायचं झाल्यावर.” “म्हणजे किती वाजता?” तिने माझ्याकडे पाहिले, मी दादाकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे, पाहिले आणि दादाने भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे. पंपाचा कोणता रंग रोजचा आणि कोणता अडीअडचणीचा, कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची, हे आम्हा दोघांनाही तोंडपाठ होते. ती जेवते कधी, हे मात्र त्या खोलीत कोणालाच सांगता आले नाही.

पुढचे प्रश्न आम्हाला आणखी विचित्र वाटले. जेवल्यावर किती वेळाने आडव्या होता? पहाटे खोकल्याने जाग येते तेव्हा तोंडात आंबट, कडसर काही असते का? सकाळी आवाज बसलेला असतो का? मोठी आई जराशी ओशाळून म्हणाली, “पित्त तर हायेच की डाक्टर. पण ते येगळं.” आमच्याकडे ही वाटणी पक्की आहे. दमा हा आजार. त्यासाठी गाडी करून लातूरला जायचे, एक्स-रे काढायचा, पाहुण्यांनी बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला यायचे. पित्त हा जणू स्वभाव. त्यासाठी सोड्याची पुडी पाण्यात फसफसवून प्यायची, फार तर औषधाच्या दुकानातून नावही न विचारता एक पाकीट आणायचे. ठेचा, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि दिवसभराचा गोडमिट्ट चहा यांवर पोसलेल्या आमच्या मुलखात आंबट ढेकरेला गाऱ्हाण्याचा दर्जा मिळत नाही. बाईच्या आंबट ढेकरेला तर नाहीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुले ओसरीवर ओळीने झोपत असू. पहाटेच्या अंधारात मोठी आई उठून खांबाला टेकून बसलेली मी अनेकदा पाहिली आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, पदर तोंडाशी. शेजारी पितळी तांब्या आणि ओव्याची पुरचुंडी. तिच्या त्या त्रासाला एक ठरलेला क्रम होता आणि तो मला आवाजांनीच आठवतो. आधी एक करपट ढेकर, मग घसा खाकरणे, मग कोरडा खोकला, आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने छातीतून निघणारी ती बारीक शिट्टी. शिट्टी ऐकू आली की काका कूस बदलून म्हणत, “दमा उठला वाटतं.” दमा तेव्हा उठलेला असे, ढेकर मात्र त्याच्या कितीतरी आधी उठलेली असे. हवेत रात्रीच्या लसणीच्या फोडणीचा, बामचा आणि ओव्याचा मिळून एक वास असायचा, आणि आजही तो वास आला की मला कोणाच्या तरी धाप लागलेल्या श्वासाची वाट पाहावीशी वाटते.

अन्नाचा मार्ग आणि श्वासाचा मार्ग एकमेकांना किती चिकटून आहेत हे मी त्या भेटीनंतर वाचून समजून घेतले. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना आद्य अन्नमार्गाच्या पुढच्या बाजूलाच एक अंकुर फुटतो आणि त्यातून श्वासनलिका आणि फुप्फुसे घडतात. म्हणजे ज्यांना आपण दोन निरनिराळी खाती समजतो, ती मुळात एकाच घराची आहेत. पुढे आयुष्यभर दोघांनाही व्हेगस ही एकच चेता, म्हणजे मज्जातंतू, सांभाळते. जठरातले आम्ल वर येऊन दम्याला डिवचते ते दोन वाटांनी, असे सांगितले जाते. पहिली वाट सरळ आहे: झोपेत आम्लाचे सूक्ष्म थेंब घशापर्यंत चढतात, स्वरयंत्रापाशी उतरतात आणि श्वासनळ्यांच्या अस्तराला पोळतात. दुसरी वाट अधिक चमत्कारिक वाटते, कारण तिच्यात एक थेंबही फुप्फुसाकडे जावा लागत नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्ल लागले की व्हेगसमार्फत निरोप जातो आणि श्वासनळ्या आवळतात. दुखते एकीकडे आणि आवळले जाते दुसरीकडे. कित्येकांना तर छातीत जळजळ होतही नाही; फक्त खोकला, खाकरणे आणि बसलेला आवाज. मोठ्या आईला जळजळ होत असे, पण ती बोलून दाखवण्यासारखी गोष्ट आहे असे तिला कधी वाटले नसावे.

दादाला हे सांगताना मला विहिरीवरच्या मोटारीचा आधार घ्यावा लागला. पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली परतू देत नाही. अन्ननलिकेच्या तळाशीही असाच एक झडपवजा स्नायू असतो, फक्त उलट्या दिशेचा: अन्न खाली जाऊ देणारा आणि वर येऊ न देणारा. त्याला बाहेरून श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचीही, पकड असते. जठर तट्ट भरले की हा स्नायू अधूनमधून आपणहून सैल पडतो. माणूस उभा किंवा बसलेला असेल तर वर आलेले आम्ल खाली उतरते, आणि गिळलेली लाळ उरलेसुरले धुऊन नेते. झोपेत मात्र गिळणे कमी होते, लाळ आटते, आणि आडव्या शरीरात खाली उतरायला उतारच उरत नाही. तेलकट, भरपेट जेवण जठरातून पुढे सरकायला काही तास घेते. म्हणून जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास असावेत, एवढेच डॉक्टरांचे म्हणणे होते. त्यात भर अशी की दमेकऱ्याच्या श्वासनळ्या एरवीही पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद असतात. रात्री साडेदहाच्या जेवणानंतरचे आम्ल आणि पहाटे चारची अरुंद वाट यांची गाठ ओसरीवरच्या त्या खांबापाशी पडत होती.

दादाने ऐकून घेतले आणि अगदी नेमके विचारले, “मग दम्यानं पित्त वाढतंय का पित्तानं दमा?”

दोन्ही. आणि यातलेच मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटते. दम्याचा झटका आला की फुप्फुसांत हवा कोंडते, श्वासपटल खाली दाबून सपाट होते आणि झडपेवरची त्याची पकड ढिली पडते. श्वास ओढण्याच्या धडपडीत छातीतला दाब इतका उतरतो की पोटातले वर खेचले जाते. वरून प्रत्येक खोकला पोटाला खालून दाबतो. दम्यासाठी वर्षानुवर्षे दिली गेलेली थिओफायलिनची गोळी श्वासनळ्या सैल करते, तशी ही झडपही सैल करते. चहाचेही काहीसे तसेच आहे. त्यातले कॅफीन थिओफायलिनच्याच कुळातले असल्याने कोऱ्या चहाने मोठ्या आईला खरोखरच थोडे मोकळे वाटत असे, आणि तोच चहा काही जणांचे पित्त खवळवतो. पहाटे धाप लागली की चूल पेटवून ती आधी चहाच टाकायची. त्या चुलीच्या धुराबद्दल निराळे लिहायला नको.

हे काही नवे शोध नाहीत. नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते की दमेकरी अनुभवाने शहाणे होतात आणि दिवसाचे मुख्य जेवण दुपारी उरकतात, कारण रात्री भरपेट जेवले की त्यांना झटका येतो. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उचकी आणि श्वास हे दोन्ही विकार कफवातात्मक, पण पित्तस्थानातून उपजणारे म्हटले आहेत. तमकश्वासाच्या, म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो त्याच्या, रोग्याला निजवत नाही आणि बसल्यावर बरे वाटते, ढगाळ हवेत आणि थंडीत त्याचा त्रास वाढतो, हेही तिथे आहे. चरकाचे पित्तस्थान म्हणजे आजच्या वैद्यकातले जठराम्ल, असा अर्थ मी काढणार नाही. आमच्याकडे सगळे आधीच ठाऊक होते हा सूर मला सहन होत नाही. पण कोणीतरी फार पूर्वी अशा रोग्याच्या उशाशी बसून त्याचे पोट आणि छाती एकत्र पाहिली होती, एवढे मान्य करायला हरकत नाही.

आमच्या भागातला दमेकरी ऑस्लरकडे वळत नाही, तो मृगाला हैदराबादकडे वळतो. मासोळीच्या औषधासाठी दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात मराठवाड्यातून जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. पिवळे औषध तोंडात भरलेली जिवंत मासोळी गिळायची आणि नंतरचे पथ्य पाळायचे, अशी ती रीत. मोठी आई माळकरी, त्यामुळे तिने ते औषध गुळातून घेतले. ते दम्यावर गुणकारी ठरल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. तरीही त्या पावसाळ्यात तिला बरे वाटले होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. आता मागे वळून पाहताना मला औषधापेक्षा पथ्य जास्त आठवते. पथ्यामुळे तिचे जेवण वेगळे शिजत होते: बिनतिखटाचे वरण, मऊ भात, आणि तेही दिवस मावळताना, कारण वेगळे भांडे चुलीवर आधी चढवून मोकळे करावे लागे. हैदराबादच्या वैद्याने सांगितले आहे म्हटल्यावर सासूसासऱ्यांनीही काही म्हटले नाही. बाईने आधी जेवायचे तर तिच्या मागे इतक्या लांबच्या माणसाचे बळ लागत होते. पथ्य संपले, पाने पुन्हा पूर्वीच्या क्रमाने पडू लागली, आणि दिवाळीपर्यंत ओसरीवरचा आवाजही परतला. यातले काय कशामुळे झाले, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पोट आणि हवामान दोन्ही एकदम बदलत होते.

पथ्य सोडले तर आमचे बाकीचे सणवार या बाबतीत मोठे बेरकी आहेत. संकष्टीला दिवसभर उपाशी राहायचे आणि चंद्र उगवल्यावर, म्हणजे बहुधा आठ-नऊच्या पुढे, वरण-भात, भाजी, मोदक असे साग्रसंगीत जेवायचे. त्यातही आधी नैवेद्य, मग पोरे, मग पुरुष, मग ती. एकादशीला साबूदाणा आणि शेंगदाणे. कोजागरीला तर कित्येक गावांत दम्याचे औषध म्हणूनच खीर वाटली जाते, आणि तीही मध्यरात्री. सोबत जागरण असते, एवढी त्यातली जमेची बाजू; निदान खीर पोटात घेऊन कोणी आडवे होत नाही.

पण सणांना दोष देऊन काय होणार? खरा प्रश्न रोजच्या रात्रीचा आहे. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की दादा मोटार चालू करून उसाला पाणी देऊन येणार, दारे धरणारा गडी त्याच्याबरोबर येणार, आणि पानावर गरम भाकरी पडली पाहिजे हा आमच्या घरचा आग्रह. सुगीत खळ्यावरून यायला उशीर. शिकायला तालुक्याला जाणारा भाचा शेवटच्या एसटीने येणार. या सर्वांच्या भाकरी एकदम थापून दुरडीत झाकून ठेवता येत नाहीत असे नाही, पण ठेवल्या जात नाहीत. चुलीपुढून उठून, भांडी विसळून, उद्याचे कालवण काय याचा विचार करत मोठी आई तव्यावरची शेवटची भाकरी आणि तळाशी उरलेली, आटून दुप्पट तिखट झालेली आमटी घेऊन बसायची. दिवसभराची भूक असल्याने भराभर जेवायची, आणि कंबर टेकायला म्हणून लगेच वाकळेवर आडवी व्हायची. दुपारी जेवून डाव्या कुशीवर वामकुक्षी घेणे ही आमच्याकडे पुरुषांची चैन आहे. डाव्या कुशीला जठर अन्ननलिकेच्या खाली राहते, त्यामुळे आम्ल वर चढायला अडचण होते. म्हणजे ही युक्ती खरोखर उपयोगी आहे, फक्त ज्याला तिची गरज कमी त्याच्या वाट्याला ती आली आहे.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितले होते: पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा ते आठ इंच उचला, नुसत्या उशा रचू नका, त्याने मान वर होते आणि पोट दुमडते. सल्ला अगदी बिनखर्ची. पण घरात पलंग एक, तो काकांचा, बाज पाहुण्यांसाठी, आणि मोठी आई आयुष्यभर जमिनीवर निजलेली. जमिनीच्या कोणत्या टोकाखाली विटा घालणार? शेवटी बाज तिच्यासाठी आत आणली गेली. ती गोष्ट वाटते तितकी सोपी गेली नाही. पहिले काही दिवस ती बाजेवर बसून निवडणे-टिपणे करी आणि झोपायला पुन्हा खाली येई. काका पलंगावर असताना आपण बाजेवर निजणे तिला कसेसेच वाटत होते, पण हे ती बोलली नाही. “उताराला घसरायलंय” असे म्हणाली.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण आमच्या नात्यागोत्यात आता प्रत्येक खोकल्याला पित्त म्हणण्याची नवी हौस सुरू झाली आहे. २००९ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दमा आटोक्यात नसलेल्या पण पित्ताची लक्षणे नसलेल्या किंवा नगण्य असलेल्या ४१२ रुग्णांपैकी काहींना सुमारे सहा महिने दिवसातून दोनदा आम्ल कमी करणारी इसोमेप्राझोलची गोळी दिली गेली आणि काहींना दिसायला तशीच निरौषध गोळी. त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्के लोकांच्या अन्ननलिकेत आम्ल वर येते असे तपासणीत आढळलेही होते. तरी दोन्ही गटांच्या दम्यात फरक पडला नाही. ज्यांना आंबट ढेकर-जळजळ आणि रात्रीचा दमा असे दोन्ही आहे, त्यांना इतर काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला, थोडाच. म्हणून पित्ताची लक्षणे असतील तर पित्ताचा उपचार करावा आणि दम्याचा पंप कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, असे डॉक्टर सांगतात. मोठ्या आईच्या डॉक्टरांनीही पंप तसाच ठेवला, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची गोळी ठरावीक मुदतीसाठी दिली, आणि ती गोळी वर्षानुवर्षे आपल्या मनाने खात राहू नका असे दोनदा बजावले. चूल आणि भूस यांचा वाटा जागच्या जागी आहे. तरीही तिच्या पहाटा आता बऱ्याच शांत जातात. गोळीने किती, पंप नीट ओढण्याने किती आणि सात वाजता जेवण्याने किती, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. माझा कल सात वाजण्याकडे आहे, आणि तो कल आहे हे मला ठाऊक आहे.

सात वाजता ती जेवते, कारण वहिनी तिला वाढते. दिवेलागणीला पातळ वरण, भाकरीचा मऊ पदर, कधी ज्वारीच्या कण्या. मोठी आई संकोचाने भिंतीकडे तोंड करून जेवते, पण जेवते. मागल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. तिलाही हल्ली रात्री छातीत जळजळ होते आणि पहाटे तोंड आंबट होते. गावातल्या दुकानातून तिने एक पाकीट आणले होते. मी म्हटले, ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, पण आधी डॉक्टरांना दाखव. ती म्हणाली, “जेवणाआधी म्हणजे कुनाच्या?” मग स्वतःच हसली. सासूला सातला, पोरांना आठला, दादा येईल तेव्हा दादाला. तिचे स्वतःचे पान आता दहाच्या पुढे गेले होते.

मी दादाशी बोलले. तो चिडला नाही, पण त्याला ती तक्रार वाटली. रात्रपाळीच्या दिवशी तो आता संध्याकाळीच डबा घेऊन मोटारीवर जातो. गड्याचाही डबा त्यातच असतो. भाकरी गार झाल्याची कुरबूर असते, ती वहिनी ऐकून घेते. दिवसपाळीच्या आठवड्यात मात्र दादा गावातून फिरून साडेनऊला येतो, आणि त्या आठवड्यात तवा पुन्हा त्याच्यासाठी तापत ठेवलेला असतो. भाचा आपले ताट आपण वाढून घेतो. त्याला ते होस्टेलच्या एका वर्षाने शिकवले. पुढच्या वेळी लातूरला मोठ्या आईला दाखवायला नेऊ तेव्हा वहिनीलाही गाडीत घ्यायचे, असे मी दादाकडून कबूल करून घेतले आहे. त्या दिवशी घरी स्वयंपाक कोण करणार, हे अजून ठरायचे आहे.